जुने शोधनिबंध गटाने वाचून जीवरसायनशास्त्र कसे शिकावे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला, किंवा नोकरी सांभाळून नव्याने हा विषय शिकू पाहणाऱ्या माणसाला, जीवरसायनशास्त्र पहिल्यांदा भेटते ते हजारभर पानांच्या पाठ्यपुस्तकातून. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, प्रत्येक साखळीबरोबर लोहाचा एक अणू असतो, तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, अशी वाक्ये तेथे ओळीने मांडलेली असतात आणि परीक्षेपुरती ती पाठही होतात. मात्र चारच साखळ्या कशावरून, आणि पेशीचे आयुष्य मोजले तरी कसे, असे कोणी विचारले की आपण गप्प होतो, कारण पुस्तकाने प्रश्न गाळून फक्त उत्तर आपल्या हाती दिलेले असते. ज्या शोधनिबंधात ते उत्तर पहिल्यांदा मांडले गेले, तेथे मूळ प्रश्न, शंका, मोजमाप आणि कधी कधी चूकसुद्धा शाबूत असते. गेली सहा वर्षे आम्ही काही जण महिन्यातील दोन रविवार दादरला जमून असे जुने निबंध वाचत आलो आहोत. असा गट नव्याने सुरू करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते येथे लिहीत आहे.

गट आणि जागा

गट पाच ते सात जणांचा असावा. चारांपेक्षा कमी असले तर एखादा आजारी पडला की बैठक मोडते, आणि आठांच्या वर गेले की दोघे-तिघे नुसते ऐकणारे होतात. सगळे एकाच वर्गातले किंवा एकाच वयाचे असण्याची गरज नाही. आमच्या गटात एक परिचारिका, रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई, पदवीचे दोन विद्यार्थी आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी मी, अशी मंडळी आहोत. निबंधातील निरनिराळ्या अवघड जागा निरनिराळ्या माणसांमुळे सुटतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पूर्वतयारी म्हणून बारावीचे रसायनशास्त्र पुरते, आणि ते विसरलेले असले तरी चालते.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सर्वांनी मान्य करून घ्यावा: बैठकीत कोणी कोणाला शिकवायचे नाही. आमचा याआधीचा गट दीड महिन्यात मोडला तो याच कारणाने. त्यात एम.एस्सी. झालेले एक गृहस्थ होते. ज्ञानाने पक्के आणि मनाने उदार असल्यामुळे कोणी अडखळले की ते लगेच समजावून सांगत आणि बाकीचे वह्या उघडून लिहून घेत. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याचा शिकवणीचा वर्ग झाला होता आणि घरून निबंध वाचून येणे सगळ्यांनीच सोडले होते. आता आमच्याकडे ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते सांगायचे नाही, तर ‘हे कोणत्या आकृतीवरून कळते?’ किंवा ‘यापेक्षा वेगळे घडले असते तर काय दिसले असते?’ असा प्रश्न विचारायचा, असे ठरलेले आहे. जाणकार माणसाला हे जड जाते, परंतु दोन-तीन बैठकांत सवय होते.

जागेसाठी दादर सोयीचे पडते, कारण मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांवरच्या लोकांना तेथे थेट उतरता येते. हार्बरवरून येणाऱ्यांना तेवढी गाडी बदलावी लागते. रविवारी जमायचे असेल तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक शनिवारीच पाहून वेळ कळवावी, नाहीतर निम्मे लोक तासभर उशिरा येतात आणि सुरुवातीचे वाचन पुन्हा करावे लागते. कोणाच्या घरची बैठकीची खोली, सोसायटीचे कार्यालय, वाचनालयातील एखादे मोठे टेबल, काहीही चालेल. फक्त भिंतीवर फळा हवा, आणि तो नसेल तर मोठे चार्ट पेपर आणि जाड मार्कर हवेत. मोबाइलच्या पडद्यावर निबंध वाचू नये. प्रत्येकाकडे कागदावर छापलेली प्रत असावी, कारण समासात लिहिणे आणि पान दुमडणे ही या पद्धतीतील कामाची अंगे आहेत.

सुरुवात कोणत्या निबंधाने करावी

नवे गट बहुतेक वेळा डीएनएच्या संरचनेवरील १९५३ च्या निबंधापासून सुरुवात करू पाहतात. तो छोटा आणि प्रसिद्ध आहे, हे खरे. परंतु त्याचे उत्तर सर्वांना आधीच माहीत असल्याने चर्चेला काही उरत नाही. मायकेलिस आणि मेन्टेन यांचा विकरांच्या (एन्झाइमांच्या) वेगाविषयीचा १९१३ चा निबंध अतिशय मोलाचा आहे आणि मूळ जर्मनवरून केलेले त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे, पण त्यातील गणित पाहून नवखी माणसे बिचकतात. तो सहा महिन्यांनी घ्यावा.

माझे मत असे की, एकच रेणू धरून त्याच्या मागे शंभर वर्षे चालत जावे, आणि त्यासाठी हिमोग्लोबिनसारखा दुसरा रेणू नाही. स्टोक्स यांच्या १८६४ च्या निबंधाने सुरुवात करावी, मग लोहाच्या प्रमाणावरून रेणूचे वजन काढण्याची आकडेमोड करावी, त्यानंतर शेमिन व रिटनबर्ग यांचा १९४६ चा, पॉलिंग व सहकाऱ्यांचा १९४९ चा आणि इन्ग्रॅम यांचे १९५६ व १९५७ चे निबंध घ्यावेत. या वाटेवर प्रकाशाचे शोषण, ऑक्सिडीकरण आणि क्षपण, आम्ल-अल्कली, रेणुभार, समस्थानिक, विद्युतप्रभार, अमिनो आम्ले आणि अखेरीस जनुक, असा जवळजवळ सगळा प्राथमिक अभ्यासक्रम येतो. आणि प्रत्येक संकल्पना आपल्याला तिची गरज पडते त्या दिवशीच भेटते.

निबंध मिळवणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’चे जुने अंक सर्वांना मोफत वाचता येतात आणि रॉयल सोसायटीचे एकोणिसाव्या शतकातील अंकही खुले आहेत. जे निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, त्यांसाठी गटातील विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटावे. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना पुष्कळ नियतकालिके वाचता येतात.

पहिली बैठक

फळ्यावर तीन रकाने आखावेत: ‘कळले’, ‘शब्द अडला’ आणि ‘कारण कळले नाही’. फळ्यावर लिहिण्याचे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्यावे. मग एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि तोच परिच्छेद प्रत बाजूला ठेवून मराठीत आपल्या शब्दांत सांगावा. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये. इंग्रजी वाक्यावरून डोळे फिरवताना आपल्याला सगळे कळल्यासारखे वाटते. तेच वाक्य मराठीत सांगायला गेले की नेमके कोठे कळलेले नाही, ते लगेच उघडे पडते. पहिल्या बैठकीत निबंधाचा शेवटचा भाग वाचायचा नाही. निष्कर्षाचे पान आम्ही प्रतीत मागे दुमडून ठेवतो.

आमची पहिली बैठक कशी झाली ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. स्टोक्स हे केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक, द्रव पदार्थांच्या प्रवाहावर आणि प्रकाशावर काम केलेले. रक्ताच्या द्रावणातून प्रकाश पाठवला की वर्णपटाच्या पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे दिसतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होप्प-सायलर यांनी नुकतेच दाखवले होते. स्टोक्स यांनी त्या द्रावणात ‘प्रोटोसल्फेट ऑफ आयर्न’ मिसळले, असे वाचताच सगळे थांबले. हा जुना शब्द शब्दकोशात कोणालाही सापडेना. तेव्हा कारखान्यातले काका म्हणाले, ‘अहो, हे आपले हिराकस. आम्ही पोतीच्या पोती वापरली आहेत. उघडे राहिले की हवेने पिवळे-तांबूस पडते.’ त्यांच्या या एका वाक्याने अर्धा निबंध उलगडला. हिराकस हवेतला ऑक्सिजन घेते, म्हणूनच ते रक्ताच्या द्रावणातला ऑक्सिजनही काढून घेऊ शकेल, हा स्टोक्स यांचा विचार आम्हाला कोणीही न शिकवता समजला.

पुढच्याच ओळीत त्यात चिंचेतील आम्ल, म्हणजे टार्टारिक आम्ल, घातलेले होते आणि मग अमोनिया किंवा सोडा घालून द्रावण अल्कधर्मी केलेले होते. अल्कलीमुळे लोहाचा साका खाली बसू नये म्हणून हे आम्ल, एवढे निबंधात आहे. पण साका का बसतो, चिंचेचे आम्ल त्याला कसे रोखते, आणि मुळात द्रावण अल्कधर्मी करायचेच कशाला, हे तीन प्रश्न तिसऱ्या रकान्यात गेले. द्रावणाचा रंग जांभळट झाला आणि दोन पट्ट्यांच्या जागी त्यांच्या मधोमध एकच पट्टा आला. द्रावण हवेबरोबर हलवले की पुन्हा दोन पट्टे. या ठिकाणी वाचन थांबवून प्रत्येकाने कागदावर लिहिले: यावरून शिरेतील आणि धमनीतील रक्ताविषयी काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही? दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांपैकी एकाने ‘ऑक्सिजन लोहाला चिकटतो’ असे लिहिले होते. ते आज आपल्याला माहीत आहे, पण स्टोक्स यांच्या प्रयोगात त्याचा पुरावा नाही, हे शोधून काढायला आम्हाला वीस मिनिटे लागली, आणि ती सहा वर्षांतली सर्वांत चांगली वीस मिनिटे होती असे मला अजूनही वाटते.

यातूनच आमचा दुसरा नियम तयार झाला. निबंधाचे जे साल असेल, त्या सालापुरत्याच ज्ञानावर बोलायचे. १८६४ मध्ये इलेक्ट्रॉन कोणाला माहीत नव्हता, तेव्हा स्टोक्स यांची बाजू मांडताना इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा आधार घेता येत नाही. आजचे स्पष्टीकरण हवेच, पण ते दुसऱ्या बैठकीत आणि वेगळे सांगून.

वर्णपटातील काळे पट्टे कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नसतील तर रक्ताच्या वाटेला जाऊ नये; घरगुती बैठकीत रक्त हाताळणे धोक्याचे आहे. त्याऐवजी पालकाची दोन-चार पाने औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या थोड्या स्पिरिटमध्ये चुरावीत, हिरवे पाणी कपड्यातून गाळून काचेच्या अरुंद बाटलीत भरावे, आणि बाटलीतून आलेला दिव्याचा प्रकाश जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पाडून पाहावा. तांबड्या रंगाच्या जागी काळा पट्टा दिसतो. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ गॅस किंवा निरांजन नसावे. हा पट्टा एकदा डोळ्यांनी पाहिला की ‘शोषण’ हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

दोन बैठकांच्या मधले काम

तिसऱ्या रकान्यातील प्रश्न बैठकीच्या शेवटी वाटून घ्यावेत. प्रत्येकाला एकच प्रश्न. पाठ्यपुस्तक उघडण्याची वेळ आता येते, कारण आता आपण त्यात काहीतरी शोधायला जातो. उत्तर कागदाच्या एकाच बाजूवर मावेल एवढे लिहावे, त्यात निदान एक चित्र काढावे आणि ते पुढच्या वेळी तीन ते पाच मिनिटांत सांगावे. दुसऱ्या बैठकीत ही उत्तरे ऐकून मग दुमडलेले पान उघडायचे आणि लेखकाचा निष्कर्ष आपल्या निष्कर्षाशी ताडून पाहायचा. एका निबंधाला दोन बैठका पुरतात, पॉलिंग यांच्या निबंधाला तीन लागतात.

शब्दांची एक सामाईक वही ठेवावी. विकर म्हणावे की एन्झाइम, क्षपण म्हणावे की रिडक्शन, यावर वाद घालत बसू नये. वहीत दोन्ही लिहावेत आणि बोलताना ज्याला जो सुचेल तो वापरू द्यावा. परीक्षा इंग्रजीतून देणाऱ्या विद्यार्थ्यांना ही वही फार उपयोगी पडते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना आपले शालेय शब्द वाया गेले नाहीत असे वाटते, हेही कमी नाही.

आकडेमोडीची बैठक

तिसऱ्या किंवा चौथ्या बैठकीला निबंध न वाचता फक्त हिशेब करावा. झिनोफ्स्की यांनी १८८६ मध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे प्रमाण ०.३३५ टक्के असल्याचे मोजले. लोहाचा अणुभार ५५.८५ धरला आणि एका रेणूत निदान एक तरी लोहाचा अणू असणारच असे मानले, तर रेणुभार किमान किती? उत्तर सुमारे १६,७०० येते. आता ह्यूफ्नर यांचे १८९४ चे मोजमाप घ्यावे: एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन धरते. वायूच्या एका मोलचे आकारमान २२,४०० मिलिलीटर. त्याला १६,७०० ने भागले की १.३४ हाच आकडा येतो. म्हणजे लोहाच्या एका अणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू. स्टोक्स यांच्या प्रयोगात जे सिद्ध होत नव्हते, त्याकडे नेणारा हा पहिला धागा आहे आणि तो साध्या भागाकारातून हाती येतो. आमच्या गणिताच्या बाईंनी हा भागाकार फळ्यावर केला तेव्हा त्यांनी मुद्दाम उत्तर लिहिले नाही, खडू दुसऱ्याच्या हाती दिला.

त्यानंतर अडेर यांनी १९२५ च्या सुमारास परासरण (ऑस्मोटिक) दाबावरून काढलेला रेणुभार पाहावा. तो सुमारे ६७,००० येतो, म्हणजे १६,७०० च्या चौपट. पाठ्यपुस्तकातील ‘चार’ हा आकडा असा जन्माला आला. शेवटी प्रत्येकाने आपला सीबीसीचा (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीचा) एखादा जुना रिपोर्ट आणावा आणि त्यातील हिमोग्लोबिनच्या आकड्याला १.३४ ने गुणावे. हिमोग्लोबिन १५, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात १५ ग्रॅम, असेल तर १०० मिलिलीटर रक्तात सुमारे २० मिलिलीटर ऑक्सिजन मावतो. अशक्तपणा म्हणजे काय, ते या गुणाकारानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

आलेख वाचायला शिकणे

शेमिन आणि रिटनबर्ग यांचा १९४६ चा निबंध यासाठी सर्वांत चांगला. शेमिन यांनी स्वतः तीन दिवसांत ६६ ग्रॅम ग्लायसिन हे अमिनो आम्ल खाल्ले, ज्यातील नायट्रोजन नेहमीपेक्षा जड, १५ वस्तुमानाचा होता, आणि पुढे कित्येक महिने आपल्या रक्तातील हीममध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह धरणाऱ्या भागात, हा जड नायट्रोजन किती आहे ते मोजत राहिले. नवख्यांचा येथे एक गैरसमज हमखास होतो: हा समस्थानिक किरणोत्सारी नाही, तो केवळ वजनाने वेगळा आहे, आणि त्याच्या मोजणीला वस्तुमानमापक लागतो.

आलेख दाखवण्याआधी दोन कोरे अक्ष काढून प्रत्येकाला आलेख कसा दिसेल ते काढायला सांगावे. पेशी वयाचा विचार न होता कधीही मरत असतील तर खुणेचे प्रमाण वर चढून लगेच उतरू लागेल. सगळ्या पेशी ठरावीक वय पूर्ण करून मरत असतील तर ते चढेल, बराच काळ वरच टिकेल आणि मग एकदम घसरेल. शाळेची पाचवीची एक तुकडी डोळ्यांसमोर आणावी: ती दहावीपर्यंत शाळेत असते आणि मग जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडते. खरा आलेख या तुकडीसारखा आहे, आणि त्यावरून लेखकांनी पेशीचे सरासरी आयुष्य १२७ दिवस काढले. आमच्या परिचारिकाताईंनी तेव्हाच विचारले की, मधुमेहाच्या रुग्णाचा एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतो, तो यामुळेच का? यामुळेच. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन पेशीच्या आयुष्याइतकेच टिकते. रोज हाताखालून जाणाऱ्या रिपोर्टामागे हा प्रयोग आहे, हे मला स्वतःलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा १९४९ चा सिकलसेलवरील निबंध हा या वाटेवरील मुख्य मुक्काम आहे. महाराष्ट्रातील वाचकाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल घरोघरी माहीत आहे. विद्युतक्षेत्रात ठेवल्यावर रुग्णांचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, इतकेच नव्हे तर ६.९ पीएचच्या आसपास ही दोन हिमोग्लोबिने परस्परविरुद्ध दिशांना जातात, हे त्यांनी दाखवले. यासाठी समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण प्रभार शून्य होतो तो) म्हणजे काय ते आधी कोणीतरी घरून तयार करून यावे.

या निबंधात चार आलेख एकाखाली एक दिलेले आहेत: निरोगी व्यक्तीचे हिमोग्लोबिन, रुग्णाचे हिमोग्लोबिन, वाहकाचे (ज्याला सिकलसेलचे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाले आहे त्याचे) हिमोग्लोबिन, आणि पहिल्या दोहोंचे प्रयोगशाळेत केलेले समसमान मिश्रण. मथळे झाकून फक्त हे आलेख गटापुढे ठेवावेत आणि कोणता कोणाचा ते ओळखायला सांगावे. वाहकाचा आलेख मिश्रणासारखा दोन उंचवट्यांचा दिसतो. मग विचारावे: लेखकांनी चौथे मिश्रण मुद्दाम कशाला केले? वाहकाच्या रक्तात तिसऱ्याच, मधल्या प्रकारचे हिमोग्लोबिन असण्याची शक्यता त्याशिवाय बाजूला सारता येत नाही, हे उत्तर गटाने स्वतः काढले पाहिजे, मग त्याला अर्धा तास लागला तरी हरकत नाही. तुलनेसाठी केलेला प्रयोग म्हणजे काय, ते याहून स्वच्छ उदाहरणाने शिकता येईल असे मला वाटत नाही.

रुग्णाच्या हिमोग्लोबिनवर दोन ते चार धनप्रभार जास्त असावेत, असा अंदाज लेखकांनी दिला. नेमका फरक कशाचा, हे त्यांना सांगता आले नाही, कारण तेव्हा एकाही प्रथिनातील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम माहीत नव्हता. इन्ग्रॅम यांच्या निबंधांकडे जाताना हा अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर एका दिशेने विद्युतक्षेत्राने व दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. ट्रिप्सिन साखळीला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर तोडते. रेणूत ही दोन्ही मिळून सुमारे साठ, पण कागदावरचे ठिपके मात्र तीसच्या आसपास. असे का, हा प्रश्न गटाला द्यावा. रेणूचे दोन सारखे अर्धे भाग असल्याशिवाय हिशेब जुळत नाही. बाकी सगळे ठिपके दोन्ही हिमोग्लोबिनांत सारखे आणि एकच वेगळा. त्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर ऋणप्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. दोन अर्ध्यांत मिळून दोन ऋणप्रभार कमी, म्हणजेच दोन धनप्रभार जास्त. मग फळ्याच्या कोपऱ्यातील ‘दोन ते चार’ या आकड्याकडे सगळ्यांची नजर आपोआप जाते.

अडचणी

न वाचता आलेल्या माणसाला परत पाठवू नये. त्याच्याकडे त्या दिवशी फळा द्यावा. लिहिता लिहिता तो बैठकीत येतो. जो बोलत नाही त्याला थेट प्रश्न विचारून कोंडीत पकडू नये, पण आलेख काढण्यासारखी कामे सर्वांनी एकाच वेळी कागदावर करायची असतात आणि मग कागद टेबलावर मांडायचे असतात, त्यामुळे त्याचे म्हणणे न बोलताही पुढे येते. जुन्या निबंधातील चुकलेल्या किंवा मागे पडलेल्या गोष्टी सांभाळून घ्याव्यात. स्टोक्स हिमोग्लोबिनला ‘क्रुओरीन’ म्हणतात, तो शब्द आता कोणी वापरत नाही. अशा शब्दांना वहीत वेगळी खूण करावी, नाहीतर विद्यार्थी परीक्षेत तसेच लिहून येतात. आणि अभ्यासक्रमाची घाई असलेल्यांना आधीच सांगावे की या मार्गाने वर्षभरात सहा-सातच निबंध होतील. चयापचयाची लांबलचक चक्रे पाठ करण्यासाठी हा मार्ग नाही, त्यासाठी पुस्तकच बरे.

दर तिसऱ्या बैठकीत पंधरा मिनिटांची एक तपासणी करावी. याआधी वाचलेल्या निबंधातील एक आकृती मथळ्याशिवाय छापून द्यावी आणि तिच्याखाली प्रत्येकाने चार वाक्ये लिहावीत: काय मोजले, कसे मोजले, काय दिसले, आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही. चौथे वाक्य लिहिता आले की तो निबंध समजला असे धरावे.

मुंबईचा निबंध

या मालिकेच्या शेवटी आपल्या शहरात जन्मलेला एक निबंध अवश्य घ्यावा. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईच्या संशोधकांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. ज्याला जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात, त्याची ही पहिली नोंद. या व्यक्तींच्या तांबड्या पेशी नेहमीच्या तपासणीत ओ गटासारख्या दिसतात, परंतु त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशीही गुठळतात. म्हणून त्यांना ओ गटाचे रक्त चालत नाही, त्यांच्याच गटाचे लागते. रक्तपेढीत क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहण्याची तपासणी) का चुकवायची नसते, ते येथे दिसते.

या बैठकीला एक रिकामा तक्ता छापून न्यावा. वरच्या ओळीत ए, बी, ओ आणि बॉम्बे गटाच्या पेशी, बाजूच्या स्तंभात याच चार गटांचे रक्तद्रव, आणि मध्ये सोळा कोरे चौकोन. निबंध उघडण्याआधी प्रत्येकाने कोठे गुठळ्या होतील तेथे खूण करावी. ओ गटाच्या पेशींवर असे काहीतरी आहे जे बॉम्बे गटाच्या पेशींवर नाही, हे तक्ता बरोबर भरला की दिसू लागते. त्याला एच प्रतिजन म्हणतात. त्याच्या टोकाशी फ्युकोज ही शर्करा असते, ती जोडणारे विकर बॉम्बे गटाच्या तांबड्या पेशींच्या बाबतीत कामच करत नाही, आणि ए व बी यांच्या शर्करा बसायला तोच पाया लागतो, हे सगळे नंतरच्या काळात उलगडले. ते दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावे. शर्करा आणि विकरे यांचा अभ्यास त्या निमित्ताने सुरू करता येतो.

आमच्या गटाने हा निबंध गेल्या महिन्यात घेतला. तिसऱ्या रकान्यात शेवटी एकच प्रश्न उरला, जो परिचारिकाताईंनी लिहिला होता: आई बॉम्बे गटाची आणि वडील ओ गटाचे असताना मूल ए गटाचे कसे जन्मू शकते? तो प्रश्न या वेळी दोन्ही विद्यार्थ्यांनी मिळून घरी नेला आहे, आणि येत्या रविवारी ते फळ्यापाशी उभे राहतील.